वत्सलामावशीचा खारा चहा

साताऱ्याहून म्हैसूरला भाची आभाकडे आलेली वत्सलामावशी चहाच्या बाबतीत भलतीच गर्विष्ठ होती. कुठलाही चहा आपण एका दमात संपवतो, म्हणायची. म्हणून आभाने तिला जवळच्या बैलकुप्प्याच्या तिबेटी वसाहतीत डोल्माबाईंच्या टपरीवर नेलं. तिथे मोमोंसोबत लोणी-मीठ घातलेला तिबेटी चहा आला. मावशीने तो काढ्यासारखा डोळे मिटून घशाखाली ढकलला. डोल्माबाईंनी हसत कप पुन्हा भरला. तोही संपवला, तर तिसऱ्यांदा भरला!

"रिकामा कप दिसला की त्या भरणारच, मावशी," आभा म्हणाली.

"मग आधी बोलायला काय झालं होतं, कार्टे? आणि हा कसला चहा, हे तर कढण आहे!"

मावशीने मोमो कपात बुडवून तोंडात टाकला आणि तिचा चेहरा एकदम खुलला. डोल्माबाईंनी ते डोळे विस्फारून पाहिलं. मग त्यांनीही एक मोमो बुडवला.