अजून एकदा

रॉमेल डकानाय दाराशी आला तेव्हा आत चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेची तयारी चालली होती. आज संध्याकाळी जेर्विनचा आत्मा घर सोडून जाणार, म्हणून त्याची आई, लिओनिलामावशी, त्याच्या आवडीच्या शेवया परतत होती. रॉमेलच्या एका बगलेत जेर्विनच्या नावाची स्केटबोर्डची नवीकोरी फळी होती, दुसऱ्या बगलेत लॅपटॉप. बूट दारातच काढून तो आत शिरला.

"ये रे," मावशी कढईवरची नजर न काढता म्हणाली. "जेवलास का?"

"जेवलो, मावशी."

तो धादांत खोटं बोलला, आणि ते मावशीला कळलं. तिने बशी भरून त्याच्यापुढे ठेवली.

रॉमेलला डेली सिटीत कोण ओळखत नव्हतं? पंधराव्या वर्षी शाळा बुडवून फुटपाथवर चाकं खडखडवणारा हा पोरगा एकोणिसाव्या वर्षी नावारूपाला आला. म्हणजे अक्षरशः, त्याच्या नावाची फळी दुकानात लागली, आणि रस्त्यावर स्केटबोर्ड खेळणाऱ्याला त्याहून मोठा मान नसतो. ती फळी काढणाऱ्या कंपनीचा मालक गाडीत कॉफी पीत बसायचा आणि खिडकीतून ओरडायचा, "अजून एकदा!" सत्ताविसाव्या वर्षी, तडा गेलेल्या घोट्यानिशी, रॉमेलने त्या हाकेसरशी बारा पायऱ्यांवरून उडी टाकली. पाय जन्माचा वाकडा झाला. मालकाला शिव्यांची लाखोली वाहून त्याने आत्याच्या गॅरेजमध्ये स्वतःची कंपनी काढली. लाकडाचे सात थर चिकटवून तो स्वतः फळ्या दाबायचा, आणि खेळणारी पोरं स्वतः पारखून घ्यायचा.

जेर्विन अठरा वर्षांचा झाला तेव्हा मावशी त्या गॅरेजमध्ये आली होती. वीस वर्षं हॉस्पिटलात नर्स असलेली बाई, ती कशाला कुणाला घाबरते!

"तुझी चाल बघूनच मला धडकी भरते, लंगड्या," ती म्हणाली होती. "माझ्या पोराचं असं करशील?"

"माझ्याकडे कुणी कुणाला 'मार उडी' म्हणत नाही, मावशी. थांबायचं कधी, ते ज्याचं त्यानं ठरवायचं."

"बोलायला काय जातंय! लिहून दे."

रॉमेलने काळ्या रंगाचा डबा उघडला आणि भिंतीवर हातभर अक्षरांत ते वाक्य लिहून काढलं. मावशी हसत सुटली. पुढे तेच वाक्य कंपनीच्या शर्टांवर आलं आणि शर्ट हातोहात खपले. पण छळलेली सूनच पुढे खाष्ट सासू होते, हे आपल्याला का ठाऊक नाही?

जेर्विन गेला त्या रविवारी कंपनीच्या नव्या व्हिडिओतली त्याची शेवटची करामत तेवढी टिपायची राहिली होती. कॅमेरावाला तापाने पडलेला, म्हणून कॅमेरा रॉमेलच्याच हातात. बंद शाळेच्या पायऱ्या, मधोमध लोखंडी कठडा. तिथे त्या दोघांशिवाय चिटपाखरू नव्हतं. काय घडलं ते फक्त रॉमेलला माहीत होतं. हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "याआधी डोक्याला मार लागला होता का?" आणि तो म्हणाला, "नाही. एकदाच पडला."

आता त्याने फळी टेबलावर ठेवली. एखादा खेळाडू गेला की त्याच्या नावाची एक फळी काढायची, ही या लोकांची रीत. तिच्यावर जेर्विनचा हसरा चेहरा होता, वरच्या दोन दातांमधल्या फटीसकट.

मावशीने ओल्या हाताने त्या फटीवरून बोट फिरवलं.

"छान काढलंय," ती म्हणाली. मग खुर्चीत बसली. "रॉमेल, तुला एक सांगू? कुणाला सांगितलं नाही. त्या सकाळी त्याचा गुडघा ठणकत होता. मी दुखण्यावरची गोळी दिली. रक्तही पातळ करते ती. सव्वीस वर्षं नर्सची नोकरी केली मी, आणि पोर पायऱ्यांवर उड्या मारायला चाललंय हे माहीत असून दिली. डॉक्टर म्हणाले, एका पडण्यात डोक्यात एवढा रक्तस्राव होत नाही. मग कशानं झाला? माझ्या गोळीनंच ना?"

रॉमेलने बशी बाजूला सारली. मान हलवून "नाही हो मावशी, नशीब" म्हणता आलं असतं. लॅपटॉपवर गाणं चढवलेली, कापून-छाटून गोड केलेली फीत होती, तीच दाखवता आली असती. कंपनी राहिली असती, नाव राहिलं असतं, या घरात त्याची बशीही राहिली असती. आणि ही बाई मरेपर्यंत त्या एका गोळीला कवटाळून बसली असती.

"मावशी," तो म्हणाला, "तो दोनदा पडला."

त्याने मूळ फीत लावली आणि आवाज मोठा केला.

जेर्विन कठड्यावरून घसरत आला, फळी निसटली, डोकं पायरीच्या कडेवर आपटलं. तो उठून बसला. कपाळ चोळत कॅमेऱ्याकडे बघून ओशाळं हसला. "बस्स, दादा. आज पुरे. गरगरतंय."

मग कॅमेऱ्यामागून रॉमेलचा आवाज आला, लाडीगोडीचा. "अरे, जमतच आलंय! अजून एकदा. माझ्यासाठी."

"बरं," जेर्विन म्हणाला, आणि फळी घेऊन पायऱ्या चढू लागला.

पुढचं मावशीने बघितलं नाही. तिने हात पुढे करून फीत बंद केली. रॉमेल खाली मान घालून शिव्यांची वाट बघत राहिला. तिने थोबाडीत मारली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"मागं कसं न्यायचं?" तिने विचारलं.

त्याने बटण दाखवलं. तिने फीत मागे नेली. पोर पडलं, उठून बसलं, हसलं. "बस्स, दादा. आज पुरे. गरगरतंय." तिने तिथेच थांबवलं. पुन्हा मागे नेली, पुन्हा तिथेच थांबवलं. रॉमेलचा आवाज तिने एकदाही पुन्हा येऊ दिला नाही.

स्वयंपाकघरात शेवया करपू लागल्या. बाहेर गाड्यांची दारं वाजली. प्रार्थनेला बायका यायला लागल्या होत्या. पडद्यावर जेर्विन कपाळाला हात लावून बसला होता, चोवीस वर्षांचा, जिवंत.

"इथं थांबवता येत होतं," मावशी म्हणाली.

"हो, मावशी."