गारो जात नाही

जेवादाने फाटक उघडलं तेव्हा गारो उठला नाही. शेपूट तेवढी हलली. त्याच्या बरगड्या एकेक मोजाव्यात इतक्या वर आल्या होत्या.

"मावशी, आजारी आहे का हा?"

"त्याला काय धाड भरलीय?" रेमझा कॉफीचं भांडं घेऊन बाहेर आली. "बस."

द्रिना नदीकाठच्या या गावात जेवादा आणि तिच्या गल्लीतल्या बायका मोकाट कुत्री धरून आणत, त्यांची खरूज बरी करत, नसबंदी करून घेत. त्यातली शांत कुत्री शिकवून युद्धाने पोळलेल्या माणसांकडे द्यायची, हे जेवादाचं डोकं. शिकवण एकच, माणसाला सोडून जायचं नाही. माणूस झोपेतून ओरडत उठला की मांडीवर डोकं ठेवायचं. लोक हसायचे. हसेनात का! "घरात कुत्रं घेऊन नमाज कुठे पढू?" म्हणत रेमझानेही तिला आधी वाटेला लावलं होतं. मग गारो आला आणि म्हातारी कित्येक वर्षांनी सलग झोपली. माणसांशी बोलणं तिने टाकलंच होतं, ती गारोशी बोलू लागली.

यंदा बर्फ वितळल्यावर गारो मागच्या रानातून तोंडात हाड घेऊन आला. दुसऱ्या मुलखातल्या बाईने ते हिसकून उकिरड्यावर फेकलं असतं. इथली कुठलीच आई तसं करत नाही; युद्धात मारलेल्या पोरांची हाडं इथे अजून तुकड्यातुकड्यांनी सापडतात. रेमझाने ते उशीच्या धुतलेल्या अभ्र्यात गुंडाळून तपासायला दिलं. एल्वेदिनचंच निघालं, तिच्या पोराच्या डाव्या दंडाचं. पोराचं जेवढं सापडलं होतं तेवढं तिने केव्हाच पुरलं होतं. ती कबर पुन्हा उघडली, मशिदीच्या होजाने पुन्हा दुआ म्हटली. हाडावर कुत्र्याचे दात उमटलेले सगळ्यांनी पाहिले.

त्याचाच राग असणार, असं जेवादाला वाटलं.

"मावशी, मुकं जनावर ते. त्याला काय कळतंय? नका मनाला लावून घेऊ."

"मी कुठे रागावलेय त्याच्यावर?"

जेवादाने पिशवीतून मांसाच्या पुरणाच्या बुरेकचा तुकडा काढून गारोपुढे धरला. रेमझाने झडप घालून तो काढून घेतला.

"नको देऊस! भूक लागली की जाईल."

"कुठे जाईल?"

रेमझाने हनुवटीने रानाकडे खूण केली. झाडांवर कवटीच्या लाल पाट्या ठोकल्या होत्या. युद्ध संपल्यापासून तिथे कुणी सरपणालाही गेलं नव्हतं.

"अहो, सुरुंग आहेत तिथे!"

"म्हणून तर. मला जाऊ देत नाहीत, पोलिसांनी धरून आणलं. सुरुंग काढणारे म्हणतात, आजी, तुमच्या रानाचा नंबर लागायचाय. माझा नंबर आधी लागेल गं. हा एकदा धड परत आला ना?"

"या वेळी मरेल."

"मरेल." म्हातारीचा आवाज फाटला. "मला काय हौस आहे? तो भुकेने कण्हतो तेव्हा माझ्याही घशाखाली घास उतरत नाही. पण एल्वेदिनचं डोकं अजून तिथे आहे, जेवादा. बिनडोक्याचं निजवलंय मी लेकराला."

कॉफी निवून गेली होती.

"आणि हा मेला जातच नाही. हाकललं, धोंडे मारले. मी रडायला लागले की येतो आणि मांडीवर डोकं ठेवतो."

जेवादाला रडू कोसळलं. तो का जात नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? तिने गारोच्या गळ्यात दोरी अडकवली. रेमझाने अडवलं नाही.

"ने. पण एक खरं सांग. सोडून जाऊ नको, हे तू त्याला शिकवलंस. मग जा म्हणून शिकवता येतं की नाही?"

येत होतं. मनात आणलं असतं तर थोड्याच दिवसांचं काम होतं.

"नाही येत, मावशी."

 खोटं रेमझाला कळलं होतं.

"तुझा भाऊही युद्धातच गेला, पण तो सगळाच्या सगळा सापडला होता, नाही का गं?"

"हो," जेवादा म्हणाली आणि दोरी ओढू लागली. गारोने चारी पाय रोवले आणि तो म्हातारीकडे बघत उभा राहिला.