बाईसाहेबांना थांबायची बंदी

दातांच्या डॉक्टरांनी जन्मभर लोकांना एकच सल्ला दिला होता: वारंवार त्रास देणाऱ्या दाताचा मोह धरू नये, उपटून टाकावा. स्वतःच्या गाडीच्या बाबतीत मात्र लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

गाडी त्यांच्या ऐन तारुण्यातली, फिकट हिरवी, गोल दिव्यांची. उभी असली की येणारा-जाणारा थबकून बघायचा. अडचण एवढीच, की ती बहुतेक वेळ उभीच असायची. डॉक्टर तिला कौतुकानं 'बाईसाहेब' म्हणत. त्यांची बायको तिला 'तुमची ती' म्हणे, आणि तेवढ्या दोन शब्दांत तिचं सगळं बोलून होई.

दवाखाना बंद केल्यावर डॉक्टरांची हत्यारं वाया गेली नाहीत. रुग्णाच्या तोंडात घालायचा इवलासा आरसा आता इंजिनाच्या मागच्या सांदीत जाई. दात कोरायच्या आकडीनं ते कार्बोरेटरमधली घाण काढत आणि काढताना 'दुखतंय का?' असं सवयीनं पुटपुटत. मेकॅनिकनं केव्हाच हात टेकले होते. "डॉक्टर, काय बिघडलंय ते विचारू नका," तो म्हणे, "काय चालू आहे ते विचारा, लवकर सांगून होईल."

या घरात कुणाकडे जायचं ठरलं की आधी त्यांच्या दारात उतार आहे का ते विचारत. उतारावर, तोंड खाली करून गाडी लावायची, म्हणजे निघताना धक्क्यासाठी कुणाच्या पाया पडायला नको, उतारावरच ती सुरू होई. घरातली एकुलती एक लेक तर गाडीला धक्का मारता मारताच मोठी झाली. लग्नानंतर तिनं पहिली गोष्ट काय केली असेल, तर नवऱ्याला नवीकोरी गाडी घ्यायला लावली.

बायकोनंही इतकी वर्षं निभावलं. पण मागच्या महिन्यात तिच्या सख्ख्या बहिणीच्या निवृत्तीचा समारंभ होता, आणि ही दोघं पोचली तेव्हा माणसं खुर्च्या उचलत होती. त्या रात्री ती भांडली नाही. शांतपणे म्हणाली, "रविवारी लेकीकडे जायचंय. जाताना वाटेत ही एकदा जरी बंद पडली, तरी किल्ली जावयाच्या त्या मित्राला द्यायची."

जावयाचा मित्र जुन्या गाड्या जमवायचा. चालवायचा नाही, नुसत्या पुसून एका मोठ्या खोलीत मांडून ठेवायचा. रविवारी तोही जेवायला यायचा होता. बाईसाहेब त्या खोलीत, पोटात पेट्रोलचा थेंब नाही, हे चित्र डॉक्टरांना डोळ्यांपुढे आणवेना. पण बहिणीचा समारंभ आठवून त्यांनी होकारार्थी मान हलवली.

रविवारी सकाळी ते देव पाण्यात घालून बसल्यासारखे गाडीपाशी बसले होते. इंजिनाला पेट्रोल पुरवणारा पंप तापू नये म्हणून त्यावर ओलं फडकं गुंडाळलं, पाणी बघितलं, पुन्हा बघितलं. बायको आली ती नेहमीची पिशवी घेऊन. चहाचा थर्मास, दोन कप, छत्री, बसायला सतरंजी.

"आज पिशवी कशाला?" डॉक्टर दुखावून म्हणाले.

"सवय," ती म्हणाली.

आणि नवल म्हणजे बाईसाहेब चालल्या. सिग्नलला कण्हल्या नाहीत, चढावर खोकल्या नाहीत. डॉक्टर मानही न वळवता सगळे कान इंजिनाकडे लावून बसले होते. बायको शेजारणीच्या नव्या सुनेबद्दल सांगू लागली, तर ते म्हणाले, "थांब जरा, आवाज ऐकू दे." ती गप्प झाली ती झालीच.

वाटेत एक जुना पूल लागला. लेकीच्या लग्नाला होकार द्यायचा की नाही, ते त्याच्या कठड्यावर बसून ठरलं होतं, मेकॅनिकची वाट बघताना. पुढे बंद पडलेली वखार लागली. तिथे बायकोनं, आपल्या ऑपरेशनची भीती वाटते, असं पहिल्यांदा कबूल केलं होतं. डॉक्टरांनी दोन्ही जागा विजयी मुद्रेनं मागे टाकल्या.

चढ संपता संपता ती म्हणाली, "गाडी थांबवा."

तापलेलं इंजिन एकदा बंद केलं की बाईसाहेब तासभर फुगून बसत, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे हा सरळसरळ कावा होता.

"कशाला?"

"चहा प्यायला."

"अगं, आता पोचतोच आहोत. तिथे पिऊ."

"तिथे तुम्ही जावयाशी बोलणार. घरी तुम्ही पेपरात, नाहीतर हिच्या बॉनेटमध्ये. माझ्या वाट्याला तुम्ही येता ते ही बंद पडते तेव्हा. आज सकाळपासून मी तुमच्या शेजारी बसलेय आणि मला फार एकटं वाटतंय."

डॉक्टरांनी त्या दिवशी पहिल्यांदाच रस्त्यावरची नजर काढून तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी वेग कमी केला.

"इथे नको," ती म्हणाली. "झाडाच्या पुढे. अजून थोडं. हां, इथे."

तिथे डोक्यावर रणरणतं ऊन होतं. चांगली सावली सोडून हिला हीच जागा सापडली, असं डॉक्टरांच्या मनात आलं. त्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. आपल्या हातानं आपण गाडी देऊन टाकली, हे कळून त्यांचे डोळे भरून आले.

छत्रीखाली सतरंजी टाकून त्यांनी चहा घेतला. शेजारणीच्या सुनेची हकिगत अगदी पहिल्यापासून ऐकली. ती खरोखरच मजेदार होती, आणि डॉक्टर हसता हसता गाडी विसरले.

निघताना मात्र आठवली. किल्ली फिरवली, तर बाईसाहेबांनी नुसतं घसा खाकरल्यासारखं केलं आणि मौन धरलं. डॉक्टरांनी पुन्हा प्रयत्न केला नाही. किल्ली काढून त्यांनी बायकोसमोर धरली.

"घे. तूच दे त्या मित्राला. बंद पडली."

"पडली कुठे? आपण चहाला थांबलो होतो." तिनं कप पुसून पिशवीत ठेवले, दार ओढून घेतलं आणि म्हणाली, "किल्ली लावा, आणि समोर बघा."

डॉक्टरांनी समोर बघितलं. गाडीच्या नाकासमोरून रस्ता थेट खाली उतरत गेला होता, पार लेकीच्या गावापर्यंत.

"सोडा ब्रेक," ती म्हणाली. "वेग आला की दुसऱ्या गिअरला."

"आणि जावयाच्या त्या मित्राला काय सांगायचं?"

"जेवून जा म्हणावं."