स्क्रूखालचा निळा रंग

मित्रांनो, चहापत्तीच्या चौकोनी पत्र्याच्या डब्यात राहणारा मी एक घरगुती अॅम्प्लिफायर आहे. नाव भारी, काम साधं. बारीक आवाज घ्यायचा, मोठा करायचा आणि हेडफोनमधून कानात सोडायचा. मला घडवलं विनोदने. विसरवाडीच्या फाट्यावर त्याचं रेडिओ-मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. माझा ट्रान्सफॉर्मर एका मेलेल्या रेडिओचा, तरी पहिल्या दिवशी माझं कौतुक पोटभर झालं.

विनोदने मला त्याच्या मामांसाठी, अब्राहाम यांच्यासाठी केलं होतं. त्यांचे कान अधू. त्यांच्या बायकोचा, मोगराबाईंचा आवाज आता एकाच ठिकाणी उरला होता. त्यांनी शेवटच्या आजारात दवाखान्यातून सून रूथच्या फोनवर एक निरोप पाठवला होता, तेवढाच. नुसता फोन कानाला लावून म्हाताऱ्याला काही कळायचं नाही. माझ्यातून शब्द न् शब्द कळायचा. रोज संध्याकाळी ते निरोप ऐकायचे आणि "बस," म्हणून हेडफोन ठेवायचे. रूथने मात्र तो एकदाही ऐकला नव्हता. सासू गेली तेव्हाही ती रडली नाही. "मला काही वाटतच नाही," म्हणायची. या घरातली बोली वेगळी, मित्रांनो. तुमच्यासाठी मी शाळेतली मराठी वापरतोय.

मग नाताळ आला. आमच्याकडे नाताळाला घर रंगवतात, आणि दुखवट्याचं घर म्हणून रंग चुकवलेला मोगराबाईंना खपला नसता. रूथने ब्रश धरला. दारं झाली, खिडक्या झाल्या, पत्र्याची पेटी झाली. तिचा हात थांबेचना, तेव्हा मीही झालो. तिने माझे स्क्रू काढले, आतबाहेर निळा ऑइलपेंट फासला आणि वाळल्यावर स्क्रू पुन्हा आवळले. मी नवरदेवासारखा दिसत होतो, खोटं कशाला बोलू?

त्या संध्याकाळी अब्राहाम यांनी हेडफोन लावले आणि मी घूंऽऽ करायला लागलो. निरोप त्यात बुडाला. त्यांनी हेडफोन काढले.

"राहू दे आता," ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी मला हात लावला नाही.

रूथने विनोदला बोलावलं. त्याने फोनचा चार्जर काढून पाहिला. घूं तशीच. माझे कपॅसिटर बदलले, ट्रान्सफॉर्मर फिरवून बसवला. दोष म्हणे माझ्या पोटातच! काखेत कळसा आणि गावाला वळसा. शेवटी त्याने रंग जरासा खरवडून मीटरची एक सुई उघड्या पत्र्यावर टेकवली, दुसरी स्क्रूखाली आवळलेल्या अर्थिंगच्या तारेला लावली. जोड असता तर मीटर वाजलं असतं; ते वाजलं नाही.

"वहिनी, स्क्रूखालीपण रंग दिलाय तुम्ही. तार पत्र्याला टेकतच नाही. मग बाहेरची घरघर डबा अडवणार कसा?"

"म्हणजे मीच बिघडवलं," रूथ म्हणाली.

"रंगाने बिघडलं. ब्लेड आणा."

स्क्रूखालची तेवढी जागा त्याने खरवडली, स्क्रू आवळला. घूं गेली. मला एकदम मोकळं वाटलं.

अब्राहाम यांनी निरोप ऐकला. मग हेडफोन काढून सुनेपुढे धरले. "निरोप तुझा आहे. इतके दिवस मीच ऐकत बसलो."

रूथने ते हातात घेतले. मग कानाला लावले. मी माझं काम केलं.

"रूथ, कोंबड्या कोंडल्यास ना? तू जेवून घे, पोरी. माझी वाट बघू नको."

रूथ खाली बसली. "मी वाटच बघत होते, बाबा," ती म्हणाली. "निरोप आला त्या दिवशी मी जेवलेच नव्हते." आणि मग ती रडली. तिचे सासरे शेजारी बसून राहिले आणि विनोदने गुपचूप आपली हत्यारं गोळा केली.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना हवा तो रंग द्या. फक्त जिथे तार पत्र्याला टेकते, तेवढी जागा मोकळी सोडा. आणि कुणाचा निरोप तुमच्यासाठी येऊन पडला असेल, तर तो ऐका. आम्ही तो सांभाळून ठेवू शकतो, पण उत्तर आम्हाला देता येत नाही.