मलपृष्ठाच्या आत

"आबा, ह्योच का तुमचा? कव्हर हाये बगा!" म्हणत मळवलीच्या हौशीराम रद्दीवाल्यानं 'तारायान'चा जुना अंक माझ्यापुढे धरला. कुठल्याशा बंगल्याच्या रद्दीत सापडला होता. मी तो दोन्ही हातांनी घेतला.

"धा वर्सं मागताय. तुमच्याकडं न्हाई व्हय ह्यो?"

आहे की! लोणावळ्याच्या घरी विज्ञानकथांच्या मासिकांनी दोन कपाटं भरलीत. पुढे मोठे झालेल्या लेखकांच्या अगदी पहिल्या कथा माझ्यापाशी आहेत. पुण्याहून लोक बघायला येतात आणि मी फुशारक्या मारतो. या अंकातही अशीच एका मोठ्या लेखकाची पहिली कथा आहे. ती मला तोंडपाठ आहे.

आणि शेवटची कथा इंदिराची, माझ्या बायकोची. तिची छापून आलेली एकुलती एक.

"वाचलीत का हो?" तिनं दोनदा विचारलं होतं.

"वाचतो गं, पळून जातेय का ती?" असं म्हणून मी वर्षाचे बारा अंक बाइंडिंगला टाकले. बाइंडर कव्हरं काढून टाकतात, हे मला ठाऊक होतं. इंदिरानं पुन्हा विचारलं नाही. पुन्हा लिहिलंही नाही.

ती गेल्यावर मी कथा उघडली. दूरच्या ग्रहावर गेलेल्या नवऱ्याच्या निरोपाची वाट बघत एक बाई यंत्रापाशी बसलीय. ताट वाढलेलं, पण तो बोलल्याशिवाय जेवायचं नाही असा तिचा हट्ट. आणि तळाशी बारीक अक्षरांत, 'उरलेला मजकूर मलपृष्ठाच्या आत.'

भोग आता गाढवा, म्हटलं स्वतःला. मग वाचनालयं पालथी घातली. तिथंही सगळं बाइंडिंगच.

हौशीरामच्या वजनकाट्याशेजारी स्टुलावर बसून मी अंक उघडला. त्या मोठ्या लेखकाची पानं कुणीतरी फाडून नेली होती. नेईना का! मलपृष्ठाच्या आत चारच ओळी होत्या. तिनं यंत्र बंद केलं, हात धुतले, ताट पुढे ओढलं आणि एकटीच जेवायला बसली.

मला रडू आवरेना.

"आबा, लय वंगाळ हाये का शेवट?"

"नाही रे. जेवली ती."

"मंग बरं झालं की." त्यानं आपला डबा उघडला, भाकरी मोडून अर्धी माझ्यापुढे केली. "या, दोन घास खा."

मी इंदिराच्या कथेचं पहिलं पान काढलं.

"तू जेव," मी म्हणालो. "मला वाचायचंय."