नुसती घंटी देजा

मित्रांनो, मी एक जुना बटणांचा मोबाइल आहे. माझ्यात धड फोटो निघत नाही, गाणीही बेताचीच. पण एकदा पोटभर चार्ज केलं की चार दिवस तक्रार नाही.

सात वर्षांपूर्वी उन्नती आणि सुमंत या वर्गमित्रांनी मला सीताबर्डीच्या बाजारातून आणलं. धंतोलीत एक खोली घेऊन त्यांनी कंपनी काढली होती. गावाकडच्या रुग्णांना डॉक्टरांची वेळ मिळवून द्यायची आणि दवाखान्यात सोबत राहायचं, हे त्यांचं काम. माझा नंबर हाच कंपनीचा नंबर. मी भलताच ऐटीत होतो.

पहिलाच फोन एका घंटीत कट झाला. सुमंत म्हणाला, चुकून लागला असेल. उन्नतीने मला उचललं.

"बॅलन्स नसन त्यायच्यापाशी. आपणच लावू."

फोन पारशिवनीच्या मैनाबाईंचा होता. त्यांच्या नवऱ्याला, नत्थूजींना, एका डोळ्याने दिसेनासं झालं होतं. त्या दिवशीच ठरलं, मिस कॉल आला की तासाभरात आपण फोन लावायचा. गावोगावी तसं सांगितलंही. लोकांचा विश्वास बसला आणि दोघांची बारा माणसं झाली.

मग कंपनीचं अ‍ॅप आलं. नव्या मुलांना अ‍ॅप शिकवलं, पण मिस कॉलचा नियम कुणी सांगितला नाही. माझा आवाज बंद करून मला चार्जरला लावूनच ड्रॉवरमध्ये ठेवलं. खरं सांगतो, मला राग आला.

यंदा नत्थूजींच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. घरी गेल्यावर डोळा लाल होऊन ठणकू लागला. मैनाबाईंनी नेहमीप्रमाणे मिस कॉल दिला. पुन्हा दिला. मी ड्रॉवरमध्ये नुसता उजळत राहिलो. तिसऱ्या दिवशी त्या नत्थूजींचा हात धरून ऑफिसातच आल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुमीच म्हनलं होतं बाई, नुसती घंटी देजा, आमी लावतो. म्हनून वाट पाहून राहिलो ना आमी."

उन्नती त्यांना घेऊन दवाखान्यात धावली. डोळा वाचला, पण नजर अंधूकच राहिली. दोन दिवस आधी यायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. परत आल्यावर उन्नतीने ड्रॉवर उघडला आणि माझ्यावरचे मिस कॉलचे सगळे नंबर वाचून काढले. वाचता वाचता ती रडली. माझा राग कुठल्या कुठे गेला.

मित्रांनो, मोठे व्हा, कंपन्या काढा, जुने फोन खुशाल बदला. पण सुरुवातीला दिलेला शब्द बदलायचा असेल, तर ज्यांना तो दिला त्यांना आधी सांगा. तुम्ही विसरलात तरी ते त्या शब्दावर विसंबून बसलेले असतात.