दोन्ही बाजूंची साक्षीदार

रेफरीबाईंनी खोकल्याच्या गोळ्यांची बशी टेबलाच्या मधोमध सरकवली, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "या कुणाच्या बाजूच्या साक्षीदार?"

"माझ्या," केदार म्हणाला.

"माझ्या," नेत्रा म्हणाली.

दोघं एकदमच बोलले. लग्न टिकलं होतं त्या सगळ्या वर्षांत आपल्या मुलाचं आणि सुनेचं इतकं एकमत शोभनाबाईंनी पाहिलं नव्हतं.

टेबलाच्या एका अंगाला केदार बसला होता, दुसऱ्या अंगाला नेत्रा. शोभनाबाई नेत्राच्या गाडीतून आल्या होत्या, अंगात केदारचं जुनं जॅकेट होतं, आणि मांडीवर सगळ्यांना पुरतील इतक्या सांबारवड्यांचा, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्यांचा, डबा. आता कुठल्या अंगाला बसावं हे कळेना, तेव्हा त्यांनी आपली खुर्ची उचलली आणि टेबलाच्या टोकाला, थेट रेफरीबाईंच्या समोर नेऊन मांडली. त्यामुळे खोलीत एकदम दोन अध्यक्ष झाले.

रेफरीबाईंचं नाव मिसेस पावलाक. केदारने आदल्या दिवशी फोनवर सांगितलं होतं, "आई, टेन्शन घेऊ नकोस. कोर्ट म्हणजे तसं कोर्ट नाही. जज नसतो, कौंटीचा, म्हणजे इथल्या जिल्ह्याचा, रेफरी असतो." ते ऐकून शोभनाबाईंना जरा बरं वाटलं होतं. नागपूरच्या मुलींच्या शाळेत त्यांनी उभी हयात पीटी शिकवली होती, कबड्डीच्या जिल्हा सामन्यांना पंच म्हणून उभ्या राहिल्या होत्या. रेफरी म्हणजे आपल्याच बिरादरीतला माणूस. पण या रेफरीकडे शिटी नव्हती, आणि मुख्य म्हणजे ती बसलेली होती. बसून पंचगिरी करणाऱ्यांबद्दल शोभनाबाईंचं मत काही फार चांगलं नव्हतं.

"दोघांच्याही म्हणून लिहिते," पावलाकबाई म्हणाल्या आणि सर्दी झालेल्या आवाजात त्यांनी नियम सांगितले. घटस्फोट झालेला आहे, त्यावर बोलायचं नाही. चार वर्षांची इशिता आईकडे राहते; बुधवार आणि एक सोडून एक वीकएंड बापाकडे. त्यावरही बोलायचं नाही. आज फक्त चाइल्ड सपोर्ट. दोघांचे पगार, मुलगी कुणाकडे किती रात्री झोपते ते, आणि तिला सांभाळण्याचा खर्च, एवढं कॉम्प्युटरमध्ये घालायचं. बापाने दर महिन्याला काय द्यायचं ते कॉम्प्युटर सांगतो.

"आणि आकडा पटला नाही तर?" केदारने विचारलं.

"मलाही बऱ्याचदा पटत नाही," पावलाकबाई म्हणाल्या. "पुढे."

पुढे म्हणजे डे-केअर. नेत्राने अर्ज केला होता की इशिताला डे-केअरमध्ये घालायचंय आणि त्या खर्चाचा वाटा केदारने उचलावा. केदार म्हणत होता, डे-केअर कशाला? आई आहे ना.

ही आई म्हणजे शोभनाबाई. हिवाळ्यात त्या सहा महिन्यांच्या व्हिसावर आल्या होत्या, त्या या दोघांना समजावून घटस्फोट थांबवायला. विमान उतरलं तेव्हा घटस्फोट होऊन गेला होता. तिकीट परत होत नव्हतं. नोव्हाय नावाच्या गावात केदारच्या अपार्टमेंटमध्ये जमिनीवर गादी होती, खोक्यावर टीव्ही होता, आणि फ्रिजमध्ये लोणचं आणि वायपरची एक मोटर होती. केदार गाड्यांचे वायपर डिझाइन करतो. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन तास नातीला भेटून येते म्हणून शोभनाबाई नेत्राच्या घरी गेल्या. ती दुपार अजून संपली नव्हती.

आणि शोभनाबाईंना ती संपायला नको होती. ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नव्हती, केदारला तर नाहीच. सासू-सून होत्या तोवर दोघींचं बोलणं म्हणजे फोनवर हवामान आणि भाजीचा भाव. कायद्याने नातं तुटलं आणि दोघींना बोलायला विषय सापडले. संध्याकाळी नेत्रा ऑफिसातून आली की बूटसुद्धा न काढता मॅनेजरची नक्कल करायची. शोभनाबाई पोळ्या लाटता लाटता आपल्या हेडमास्तरांची करायच्या. मॅनेजर आणि हेडमास्तर हा एकच माणूस आहे असं दोघींचं ठाम मत झालं होतं.

पण या घरात त्या राहत होत्या त्या नातीला सांभाळायला. नात दिवसभर घरी असेल तर त्या आजी. नात डे-केअरला गेली तर त्या कोण? भाडं न देणारी माजी सासू. नेत्राने अर्ज केल्याचं त्यांना नेत्राकडून नव्हे, केदारकडून कळलं होतं. तेव्हापासून त्या स्वयंपाकघरात भांडी जरा हळू ठेवत होत्या. पाहुण्याने ठेवावीत तशी.

"माझी आई मुलीला रोज सांभाळते," केदार पावलाकबाईंना सांगत होता. "म्हणजे माझा वाटा मी ऑलरेडी देतोय. पैशात नाही, वस्तूत."

शोभनाबाईंनी मान वळवून मुलाकडे पाहिलं. केदारने मान खाली घातली.

"वस्तूची किंमत काय धरू?" पावलाकबाईंनी पेन उचललं.

"मार्केट रेट," केदार म्हणाला. "खरं तर जास्त. थर्टी इयर्स एक्स्पीरियन्स आहे."

"आणि ही वस्तू राहते कुणाच्या घरी?" नेत्रा शांतपणे म्हणाली. "जेवते कुणाच्या घरी? मग खोलीचं भाडं मी वस्तूत देतेय असं लिहा."

"स्वयंपाक तर तीच करते, यार."

"मग तोही लिहा."

इंग्रजीतल्या भांडणात केदारने चुकून 'यार' घातला तो पावलाकबाईंनी लिहून घेतला की काय, असं शोभनाबाईंना वाटलं. पेन थांबलं.

"त्या कुठल्या व्हिसावर आल्यात?"

"व्हिजिटर," दोघं म्हणाले.

"व्हिजिटरला या देशात काम करता येत नाही." पावलाकबाईंनी एक गोळी तोंडात टाकली आणि ती गालात नीट बसवली. "तुम्ही यांच्या सांभाळण्याला किंमत लावलीत तर त्या काम करतायत. नाही लावलीत तर त्या आजी आहेत. कुठलं लिहू?"

केदारने नेत्राकडे पाहिलं. नेत्राने केदारकडे पाहिलं.

"आजी," केदार म्हणाला.

"आजी," नेत्रा म्हणाली.

"आजी," पावलाकबाईंनी लिहिलं. "म्हणजे फुकट. फुकट गोष्टीला माझ्या कॉम्प्युटरमध्ये जागा नाही. आता प्रश्न एवढाच उरतो की डे-केअरची गरज आहे की नाही." त्यांनी टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. "ते तुम्ही सांगा, मॅडम."

"आई, सांग ना तू," केदार मराठीत म्हणाला, "की तुला काही त्रास होत नाही म्हणून."

"इंग्लिश प्लीज," पावलाकबाई म्हणाल्या. "आणि तुम्ही नाही, त्या."

शोभनाबाईंचं इंग्रजी शाळेच्या सूचनाफलकासारखं होतं. वाक्यं छोटी, पण चूक नाही. आणि आत्ता तर एकच शब्द पुरेसा होता. नो. गरज नाही. मग इशिता घरी राहील, आणि इशिता घरी तर त्याही घरी. मुलाच्याच बाजूने बोलल्यासारखं होईल, आणि खरं कारण कुणाला कळणारही नाही. त्यांनी नेत्राकडे पाहिलं. ती बाहीचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत होती, वर बघत नव्हती.

शोभनाबाईंनी डब्याचं झाकण उगाचच दाबून पाहिलं. घट्ट होतं.

"मुलगी चार वर्षांची आहे," त्या म्हणाल्या. "दिवसभर माझ्याबरोबर असते. मी चौसष्ट. परवा ती सोफ्यावरून उठली. गुडघ्यांवर हात ठेवले, 'आई गं' म्हणाली, मग उठली."

"पडली होती का?"

"नाही. तिला वाटतं, उठायचं असंच असतं."

पावलाकबाई गोळी चघळायच्या थांबल्या.

"शेजारचा मुलगा खेळायला आला होता. हिने त्याला विचारलं, तुझं बीपी किती?"

केदारच्या तोंडून एक आवाज निघाला. तो त्याने खोकल्यात घातला. नेत्राने दोरा सोडला होता.

"ती जेवली की पाय उशीवर घेते," शोभनाबाई पुढे म्हणाल्या. "शहाणी आहे. पण तिला मुलं पाहिजेत. धावणारी, ढकलणारी, रडणारी. मी आता धावत नाही." त्या थांबल्या. पुढचं वाक्य त्यांनी आधी मनात लावून पाहिलं, तिथेही त्यात चूक नव्हती. "डे-केअर इज नीडेड."

आज इशिता त्या डे-केअरमध्येच होती, एका दिवसासाठी. तिला सांभाळणारी सगळीच माणसं, तिला कुणी सांभाळायचं हे ठरवायला इथे आली होती.

पावलाकबाईंनी कॉम्प्युटरची बटणं दाबली. कॉम्प्युटर विचार करत असताना त्यांनी सांगितलं की डे-केअरचा खर्च दोघांच्या पगारांच्या प्रमाणात वाटला जाईल, शिफारस लेखी येईल, कुणाला हरकत असेल तर मुदत आहे. केदारने आकडा पाहिला, ओठ मुडपले आणि म्हणाला, "ओके. फेअर आहे." वायपरवाल्या माणसाला दोन्ही बाजू सारख्या पुसल्या गेल्या की समाधान असतं.

"आणि आजी," पावलाकबाई म्हणाल्या, "तुमच्याबद्दल मला काहीच आदेश देता येत नाही. तुमच्यावर माझा अधिकार चालत नाही. तुम्ही तुम्हाला हवं तिथे जा."

त्या हे चांगल्या मनाने म्हणाल्या होत्या. हेच वाक्य नागपुरात कुणी म्हटलं असतं तर दोन घरांचं बोलणं बंद झालं असतं. शोभनाबाईंनी थँक्यू म्हटलं आणि डबा पुढे केला.

"निकाल झालाय ना?" पावलाकबाईंनी स्वतःलाच विचारलं. "झालाय." त्यांनी दोन वड्या घेतल्या.

बाहेर पार्किंग लॉटमध्ये एप्रिलचं पोटभर ऊन होतं आणि कोपऱ्यात बर्फाचा एक काळा ढीग अजून हटून बसला होता. केदारची आणि नेत्राची गाडी सवयीने शेजारी शेजारीच लागली होती. शोभनाबाई दोन्हींच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या.

केदारने आपल्या गाडीचं पुढचं दार उघडून धरलं.

"मी बेड घेतलाय, आई," तो म्हणाला. "लाकडी. गेल्या शनिवारी असेंबल केला. एक स्क्रू उरला, पण हलत नाही." थोडं थांबून तो म्हणाला, "आता इशू दिवसभर नसणार. तू तिथे एकटी काय करशील?"

"हो ना," शोभनाबाई म्हणाल्या. "बेड घेतलास, चांगलं केलंस."

त्या नेत्राकडे न बघता उभ्या होत्या. आपली बॅग भरायला फार वेळ लागणार नाही, असा त्यांनी हिशेब केला. चार साड्या, बीपीच्या गोळ्या.

नेत्रा गाडीच्या किल्ल्या शोधत होती. त्या तिच्या हातातच होत्या.

"आई, पोहायला येतं का तुम्हाला?"

"काय?"

"पोहायला. कम्युनिटी सेंटरच्या पूलमध्ये सकाळी क्लास असतो. पाण्यात उभं राहून व्यायाम. गुडघ्यांसाठी. मी तुमचं नाव घातलंय." नेत्रा भराभर बोलत होती. "इशू घरी असताना तुम्ही जाणार कशा? म्हणून आधी डे-केअरचं होऊ दे म्हटलं. आधी सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, कशाला खर्च, मी सांभाळते. आणि दुपारी परत येऊन झोपा. पोळ्या मी आणते विकतच्या."

"विकतच्या पोळ्या," शोभनाबाई म्हणाल्या. आधी हाच मुद्दा त्यांच्या हाती लागला. मग बाकीचं हळूहळू पोचलं. "आणि पाण्यात काय नेसून उतरू?"

"ते बघू आपण. मिळतं सगळं."

"बाप्पा," शोभनाबाई म्हणाल्या.

केदारचा हात अजून उघड्या दारावरच होता. शोभनाबाई त्याच्याजवळ गेल्या, त्याच्या जॅकेटच्या खांद्यावर नसलेली धूळ झटकली.

"तुझ्याकडे येते ना मी," त्या म्हणाल्या. "इशिता येते तेव्हा. बुधवारी."

"आणि एक सोडून एक वीकएंड?"

"हो. ठरलेलंच आहे ते."

केदारने थोडा विचार केला. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं आणि मग चेहरा सरळ झाला. त्याने दार लावलं, अगदी हळू, आवाज न करता.

शोभनाबाई नेत्राच्या गाडीत पुढे बसल्या. पट्टा लावला. केदार गाडीच्या टपावर कोपर टेकून पलीकडच्या नेत्राला सांगत होता, "गुडघ्याचं तेल बरोबर देत जा तिच्या. माझ्याकडे आली की विसरली म्हणते. आणि उशिरापर्यंत टीव्ही नको बघू देऊस."

"माझ्याकडे नऊला झोपतात त्या. तूच लाडावतोस."

"मी? एकदा बघितली मॅच आम्ही रात्री."

"दुसऱ्या दिवशी किरकिर किती केली त्यांनी, माहितेय?"

"जेवली नव्हती नीट, म्हणून असेल. तूरडाळ खात नाही ती रात्री. मूग दे."

दोघं बराच वेळ बोलत राहिले. शोभनाबाईंनी कुणाच्या लक्षात येणार नाही इतकी आपल्या बाजूची काच खाली केली, हात मांडीवर ठेवले आणि समोर बघत शहाण्यासारख्या बसून राहिल्या.